आग्रहाचं बटन

अनुपला सगळं कळायचं, फक्त माणसाचं 'नको' कळायचं नाही. कोणी एकदा 'नको' म्हटलं की हा ते खरंच मानायचा, आणि सुभद्राबाई गावंडे यांच्या मते गावंड्यांच्या घराण्याला लागलेला सगळ्यात मोठा बट्टा हाच होता. परवाचीच गोष्ट. व्याही घरी आले. अनुपनं विचारलं, "चहा घेता?" व्याही रीतीप्रमाणे म्हणाले, "नको, आताच झाला." आता यावर कोणत्याही शहाण्या माणसानं 'असं कसं, अर्धा कप तरी' म्हणायचं असतं. अनुप म्हणाला, "बरं," आणि मोबाइलात डोकं घालून बसला. व्याही बिचारे कापसाचा भाव, अकोल्याचं ऊन, मोर्णा नदीचा वास असे एकेक विषय काढत कोरड्या घशानं वाट पाहत राहिले. सुभद्राबाई बाजारातून आल्या तेव्हा ते पायात चपला घालत होते.

त्या व्याह्यांपुढे हसल्या, आत गेल्या, आणि त्याच व्याह्यांच्या लेकीला, म्हणजे सून करिश्माला म्हणाल्या, "तुया बापाले तुया नवऱ्यानं तहानलेलं वापस पाठवलं असतं. मंग हे लोकं सांगतील, गावंड्याच्या घरी चहाची पत्ती नव्हती."

"मी आंघोळीले होती, आई."

"तू आंघोळीले होती, अन् तो कुठी होता? तो तं समोरच बसून होता. पन तो जिथी बसते तिथी नसतेच."

अनुप समोर असून नसायचा, त्याला कारण त्याची नोकरी. पुण्याच्या एका कंपनीत तो कामाला होता आणि आता अकोल्यात घरूनच काम करत होता. पण काम म्हणजे नेमकं काय, हे कॉलनीत सांगताना सुभद्राबाईंची फार पंचाईत व्हायची. बाकीच्यांची मुलं सरळ मास्तर होती, तलाठी होती, एकाचं खताचं दुकान होतं. यांचा मुलगा बटनं करायचा. मोबाइलमध्ये जे दाबायचं, सरकवायचं, फिरवायचं असतं, ते तो घडवायचा. जुन्या शहरातली हलीमाबी, जी सुभद्राबाईंचं लग्न झालं तेव्हापासून त्यांची पोलकी शिवत होती, तिनं ऐकलं आणि सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "बटन बनाता? दो छेद के, के चार छेद के?"

त्या रात्री सुभद्राबाईंनी मुलाला समोर बसवून सगळं नीट समजून घेतलं. त्या तिसरी शिकलेल्या होत्या, पण समजून घेण्यात कधी कमी पडल्या नव्हत्या.

"हे पहा आई," अनुप म्हणाला. पुण्याला जाण्याआधी तो 'माय' म्हणायचा. "मोबाइलमध्ये साधी बटनं तयार मिळतात. पण प्रत्येक कंपनीला आपलं काहीतरी वेगळं पाहिजे असतं. कोणाला फिरती चकती, कोणाला ओढून सोडायची दोरी. ते तयार मिळत नाही. ते मी करतो."

"म्हंजे घर दुसऱ्याचं, दुकान दुसऱ्याचं, अन् तू दाराची कडी करतं."

"हो. तसंच समज."

"अन् कडी कराले इंजिनेर लागते?"

महादेवराव, म्हणजे सुभद्राबाईंचे यजमान, पेपरच्या आडून खोकले. लग्न झाल्यापासून ते अशा प्रसंगी खोकतच आले होते.

तर असा हा मुलगा एके सकाळी न्हाणीत घसरला आणि घोट्याचं हाड मोडून घेऊन प्लास्टरमध्ये बसला. डॉक्टरांनी साबणाला दोष दिला. सुभद्राबाईंनी दिला नाही. त्यांना ताबडतोब कळलं की हे साबणाचं काम नाही, आसरांचं, पाण्यातल्या देवींचं आहे.

अनुप लहानपणी चालतच नव्हता. बाकीची पोरं अंगणात धावायची आणि हा बसल्या जागी सरकायचा. तेव्हा त्याच्या मोठ्या मायनं, म्हणजे सुभद्राबाईंच्या थोरल्या जाऊ शकुनबाईंनी, पातूर रस्त्यावरच्या वावरात, विहिरीवरच्या आसरांना नवस बोलला होता: पोरगं पायावर उभं राहिलं की इथंच गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजून घालीन. पोरगं उभं राहिलं. पण रोडगे व्हायच्या आत भावाभावांत वाटण्या झाल्या आणि विहीर महादेवरावांकडे आली. शकुनबाईंच्या वाट्याला नुसतीच काळी जमीन. त्या दिवशी शकुनबाई विहिरीच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "आता या इहिरीचं पानी माया नरड्याखाली उतरनार नाही." आणि लेकाकडे अमरावतीला निघून गेल्या. बाई शब्दाची पक्की. उतरलं नाही.

नवस तसाच राहिला. तो दुसऱ्या कोणाला फेडता येत नव्हता, कारण पहिला रोडगा बोलणारीच्याच हातानं ठेवावा लागतो. आता आसरा पाय मागायला लागल्या होत्या. शकुनबाईंना आणणं भाग होतं, आणि आणायचं म्हणजे सुभद्राबाईंनी अमरावतीला जायचं, त्यांच्या दारात उभं राहायचं, कुंकू लावायचं आणि तोंडानं म्हणायचं, 'बाई, चला.' याला दुसरी रीत नाही. सुभद्राबाईंचं मन तयार होतं. मान तयार नव्हती.

"पाहुणे किती येतील तुमचे?" अनुपनं पाय उशीवर ठेवून विचारलं. "फोन करत बसू नका. मी एक छोटंसं अॅप करतो. सगळ्यांना पाठवू. येणार असतील तर दाबतील, नसतील तर नाही. कणिक किती लागेल तेही आपोआप कळेल."

एरवी सुभद्राबाईंनी या बोलण्याचं भुस्काट केलं असतं. आवतन मोबाइलवर? पण त्यांच्या डोक्यात लगेच उजेड पडला. सगळ्यांना जाईल तसं शकुनबाईंनाही जाईल. आपण बोलावलंही, आणि वाकलोही नाही.

"कर," त्या म्हणाल्या. महादेवरावांनी आश्चर्यानं पेपर खाली केला.

घरात काहीही सुरू झालं की शेजारचे उत्तमराव येतात. ते बिजली ऑफिसातून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांचा सल्ला करंटसारखा कुठूनही आत येतो. "फिरतं बटन ठेव बाप्पा," ते म्हणाले. "पंख्याच्या रेगुलेटरवानी. एक माणूस, एकवर. दोन माणसं, दोनवर. सारं घरदार असन तं फुल."

हलीमाबी ब्लाउजचं माप घ्यायला आली होती. ती म्हणाली, "नक्को भाई. औरतां की उंगली मोटी रहती, उसपे आटा लगा रहता. बटन बडा रख, थाली के इत्ता."

आणि त्यातूनच अनुपला सुचलं. त्यानं पळसाची पत्रावळ केली. बाजूला रोडग्यांचा ढीग. जितकी माणसं येणार तितके रोडगे बोटानं ओढून पत्रावळीवर टाकायचे, यायचं नसेल तर खालचं 'नाही' दाबायचं. टाकला की धप्प वाजतं आणि जराशी राख उडते. असं बटन जगात कोणी केलं नव्हतं म्हणे. सुभद्राबाईंनी पाहिलं.

"हे काय हाय?"

"रोडगा."

"याले रोडगा म्हनते? हा तं चेंडू हाय. रोडग्याले भेगा पडते, एका अंगानं करपते. असा गुळगुळीत रोडगा आसराइले देला तं त्या दुसरा बी पाय घेतील."

अनुपनं भेगा पाडल्या. मग भेगा जास्त झाल्या आणि रोडगा उन्हाळ्यातल्या वावरासारखा दिसायला लागला. मग करपलेपणा कमी पडला. मग राख उडताना ती गुलालासारखी दिसते असं उत्तमरावांचं मत पडलं. ज्या मुलानं आयुष्यात चुलीपुढे बसून एक रोडगा उलटला नव्हता, तो दिवसेंदिवस राखेचा रंग शोधत बसला आणि कंपनीचं काम मागे पडलं. करिश्मा म्हणाली, एवढ्या वेळात तिनं साऱ्या पातूर तालुक्याले खरे रोडगे भाजून देले असते. ती चुकीचं बोलत नव्हती, पण सुनेनं बरोबर बोलायची ती वेळ नव्हती.

पुढची अडचण सरकारी नसून सरकारीपेक्षा वरची निघाली. अॅप मोबाइलवरच्या दुकानात ठेवायचं तर मालकाचं खातं लागतं. कंपनीचा नियम असा की नोकरानं स्वतःच्या नावानं खातं उघडायचं नाही. करिश्माची कागदपत्रं माहेरच्या नावाची. महादेवराव खोकले. उरल्या सुभद्राबाई. पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल दिलं, तर बिल अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे भिंतीवर हार घालून. उत्तमराव गेली कित्येक वर्षं 'नाव बदलून देतो' म्हणत होते. आता विचारलं तर म्हणाले, "वैनी, नाव बदलाले मूळ ग्राहकाची सही लागते."

"मंग तुमीच जाऊन आना. तुमची त्याइची ओळख होती."

शेवटी बँकेच्या पासबुकावर भागलं. पण मग मोबाइलला मालकाचा चेहरा पाहायचा होता. सुभद्राबाईंनी नवं लुगडं नेसून, कुंकू ठसठशीत लावून, डोक्यावर पदर घेऊन मोबाइलपुढे बैठक मारली. मोबाइल म्हणाला, डोक्यावरचं आवरण काढा.

"काय म्हनते हे?"

"आई, पदर जरा मागे घे. दोन सेकंद."

"सासऱ्याच्या समोर पदर हालला नाही माया. याच्यासमोर काढू? हा कोन लागते मायावाला?"

तासभर समजूत काढल्यावर त्यांनी पदर चार बोटं मागे नेला. मोबाइल म्हणाला, डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. डोळे मिटा. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही त्यांना कोणी एवढं फिरवलं नव्हतं, आणि तिथं निदान शेवटी पोहे तरी मिळाले होते. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा त्या पास झाल्या. कॉलनीत अनुपनं सांगितलं, "आता आई अॅपची मालक आहे," तेव्हा मात्र त्यांनी पदर नीट करून सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

आवतन गेलं. उत्तरं यायला लागली आणि अनुप खूश होत गेला. सुभद्राबाई स्वयंपाकघरात होत्या. त्यांना काही दिवस पत्ताच नव्हता. मग पातूरचा भाचा गोपाल बाजारात भेटला. नेहमी पाया पडणारा गोपाल नुसता हात जोडून उभा.

"काय रे, रोडग्याले येतं ना?"

"कायले, मामी? आमी एक डाव 'नाही' दाबलं तं तुमी लगेच लिवून घेतलं. वरून धन्यवाद देला!"

सुभद्राबाई भाजीची थैली तशीच घेऊन घरी आल्या. मोबाइल पुढे धरायला लावला. निम्म्या गोतावळ्यानं 'नाही' दाबलेलं होतं, आणि प्रत्येकाला अनुपच्या अॅपनं उत्तर दिलं होतं: 'धन्यवाद. आपला नकार नोंदवला आहे.'

"आई, त्यांना यायचं नाहीये."

"कोन म्हनते?"

"तेच म्हणतात. हे बघ."

"अरे मुखदुर्बळा," सुभद्राबाई खाली बसल्या, "पहिल्या आवतनाले कोनी हो म्हनते काय? उपाशी हाय काय ते? पहिलं 'नाही' हे मानाचं असते. दुसरं 'नाही' म्हंजे पोट भरलं. अन् तिसऱ्या डाव जो पत्रावळीवर आडवा हात ठेवते, त्याचंच 'नाही' खरं. तू पहिल्याच 'नाही'वर पंगत उठवली!"

"मग शकुन मोठी मायचं पण..."

"तिचं काय आलं?" त्यांनी इतक्या पटकन विचारलं की अनुपनं मान वर केली.

"'नाही' आलं. पहिल्याच दिवशी."

सुभद्राबाई उठून आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, पण त्यांना हसू येत होतं. एवढ्या वर्षांत त्या बाईनं सणासुदीच्या एका निरोपाला उत्तर दिलं नव्हतं. जिला दार लावायचं असतं ती उत्तरच देत नाही. शकुनबाईनं पहिल्याच दिवशी 'नाही' म्हटलं, म्हणजे ती दाराच्या आत येऊन उभी होती आणि दुसऱ्यांदा हाक यायची वाट पाहत होती. आणि तिला काय मिळालं? धन्यवाद.

त्या बाहेर आल्या. "त्याच्यात आग्रह घाल," त्यांनी हुकूम सोडला.

आता इथं एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या क्षणी अमरावतीची बस पकडता आली असती. उत्तमरावही तेच म्हणाले, आणि हलीमाबी तर म्हणाली, "चल, मैं भी आती, कहकशाँ के घर हो के आते." कहकशाँ म्हणजे हलीमाबीची भाची, ती शकुनबाईंच्याच गल्लीत दिलेली होती. पण मोबाइलवर काम होत असेल तर मान कशाला वाकवा? शिवाय उन्हाळ्याचे दिवस, आणि बसला गर्दी.

अनुपच्या अंगात संचारलं. एवढं वेगळं बटन त्यालाही कधी करायला मिळालं नव्हतं. 'नाही' दाबलं की पत्रावळीवर वरून आणखी एक रोडगा पडणार आणि आग्रह होणार. पुन्हा 'नाही', पुन्हा रोडगा, पुन्हा आग्रह. खरंच नको असेल तर सगळा तळहात आडवा करून मोबाइलवर ठेवायचा, पंगतीत ठेवतात तसा. तेव्हाच ते थांबणार.

"आणि आग्रह तुझ्या आवाजात करू," तो म्हणाला. "तुझ्यासारखं कोणाला येणार आहे?"

खरं सांगायचं तर ते सुभद्राबाईंना कधीच येत नव्हतं. पंगतीत त्या वाढायच्या ते दटावून. 'खाय, मुकाट्यानं' हा त्यांचा आग्रह. आर्जवाचं बोलणं त्यांच्या तोंडून ना सासूनं ऐकलं, ना महादेवरावांनी. पण करिश्मानं पंखा बंद केला, अनुपनं मोबाइल तोंडाशी धरला, आणि सुभद्राबाईंना एकाएकी समोर अमरावतीचं दार दिसलं. जे शब्द त्या एवढी वर्षं कणकेसारखे झाकून ठेवत होत्या, ते निघाले.

"या ना वो बाई. असं काय करता? तुमच्याशिवाय घास उतरन काय आमाले?"

महादेवराव खोकलेसुद्धा नाहीत.

"मस्त," अनुप म्हणाला. "एकदम साफ आलंय." आणि त्यानं ते पत्रावळीच्या मागे जोडून टाकलं.

दुकानवाल्यांनी नवं अॅप नापास केलं. कारण लिहून आलं: वापरणाऱ्याने एकदा नकार दिल्यावर त्याला पुन्हा पुन्हा विचारणे नियमात बसत नाही. अनुपनं ते मराठीत सांगितलं आणि सुभद्राबाई थक्क झाल्या.

"कोन्या घरचे लोकं हाय हे? याइच्या घरी पाहुने येत नाहीत काय? याइच्या मायनं याइले काय एकदा विचारून उपाशी निजवलं?"

मग अनुपनं दुकान सोडलं आणि अॅप थेट नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून जे झालं त्याला सुभद्राबाई नंतर 'धिंगाना' एवढाच शब्द वापरत, आणि उरलेले शब्द गिळत.

एक तर माणसांचे हात सारखे नसतात, हे हाताची बटनं करणाऱ्या मुलाच्या लक्षात आलं नव्हतं. महादेवरावांनी तळहात ठेवला तर त्यांच्या मोबाइलनं त्याला नमस्कार समजून पडद्याचा फोटो काढला. त्यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा फोटो. त्यांच्याकडे पत्रावळीचे इतके फोटो जमले की दुसरे मावेनात. गोपालचा मोबाइल हात ठेवला की विझायचा आणि उचलला की आग्रह करत उठायचा. उत्तमरावांनी एक हात ठेवून पाहिला, दोन्ही ठेवून पाहिले, शेवटी पाट ठेवला. घरात ते आणि त्यांची बायको, पण त्यांच्या पत्रावळीवर रोडग्यांची टेकडी झाली होती आणि टेकडीवरून सुभद्राबाई ओरडत होत्या, 'या ना वो बाई.'

"वैनी," उत्तमराव रडकुंडीला येऊन म्हणाले, "मी येतोच हाय. पन ह्या मोबाईलले सांगा, मले बाई म्हनू नोको."

हे हसण्यावारी गेलं असतं. पण मग एका दुपारी हलीमाबी आली, ती शिलाई न घेता. बसली. पाणी प्याली. साडीचा काठ उगाच चाचपत राहिली.

"बोल ना," सुभद्राबाई म्हणाल्या. "कोन मेलं?"

"मरा कोई नहीं. कहकशाँ का फोन आया था." हलीमाबीनं आवाज खाली आणला. "वो तुम्हारी जेठानी है ना, वो रोज शाम कू ओसरी पे बैठती. गल्ली की सब औरतां जमा होती. वो मोबाइल पे 'नाही' दबाती, और तुम बोलती. फिर दबाती, फिर तुम बोलती. कहती, ऐका वं, सुभद्रा मले विनवून राहिली. बच्चे लोगां कू भी याद हो गया."

सुभद्राबाईंच्या हातात तांदूळ होते. त्या निवडत राहिल्या. एक खडा सापडला, तो त्यांनी बोटांत धरून ठेवला.

संध्याकाळी त्यांनी अनुपला सांगितलं, "वापस बलाव."

"काय?"

"मायं बोलनं. अमरावतीहून वापस बलाव."

"तसं होत नाही आई. ते त्यांच्या मोबाइलवर गेलंय. मी आवाज काढून नवीन पाठवतो, पण त्यांनी 'घ्या' दाबलं तरच ते बदलेल."

"अन् त्याइनं 'नको' म्हटलं तं?"

"तर राहील तसंच."

"मंग त्याच्यात आग्रह नाही काय?" त्यांनी विचारलं. अनुपला हे बोलणं लागलं नाही. तो मोबाइलात पाहत होता.

रोडग्यांचा दिवस उजाडला. पातूर रस्त्याच्या वावरात गोवऱ्यांचा आर धगधगत होता, वांग्याची भाजी रटरटत होती, आणि आग्रहाचे रोडगेही माणसांत धरून अॅपनं सांगितलेल्या हिशोबानं महादेवरावांनी इतकी कणिक आणली होती की मळणाऱ्या बायांचे हात भरून आले. माणसं आली ती मोजकीच. ज्यांना खरंच यायचं नव्हतं ते आले नाहीत, ज्यांना यायचं होतं त्यांतले निम्मे पहिल्या धन्यवादावरच रुसून बसले होते. रोडग्यांचे ढीग पडले. बैलांनीही दुसऱ्यांदा तोंड फिरवलं. सुभद्राबाई कोणाशी बोलत नव्हत्या. धुऱ्याकडे, म्हणजे वावराच्या बांधाकडे, पाठ करून उभ्या होत्या आणि दर थोड्या वेळानं मान वळवून धुऱ्याकडेच पाहत होत्या.

ऊन कलताना काळीपिवळी जीप थांबली आणि तिच्यातून शकुनबाई उतरल्या. अंगानं वाळल्या होत्या, पण चालणं तेच. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. भरलेली, अमरावतीहून.

"पोट्ट्याचा पाय पाहाले आली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मोबाईलच्या सांगन्यानं नाही."

अनुपच्या प्लास्टरवरून त्यांनी हात फिरवला. मग सरळ आराजवळ गेल्या, काठीनं राख सारून एक रोडगा निवडला, फोडला, तूप सोडलं आणि विहिरीवर जाऊन आसरांपुढे ठेवला. हात जोडले. नवस फिटला. देवाचं देणं बाईनं चोख दिलं.

त्या वळल्या तेव्हा सुभद्राबाई पत्रावळ घेऊन समोर उभ्या होत्या. पंगत थांबली. करिश्माच्या हातातला डाव तसाच राहिला.

"दोन घास," सुभद्राबाई म्हणाल्या.

"नको."

ते पहिलं होतं. सगळ्या पंगतीला माहीत होतं की ते पहिलं होतं. सुभद्राबाईंनी पदर सारखा केला. मान खाली घातली, जी त्यांनी कधी घातली नव्हती, आणि बोलल्या, "या ना वो बाई, असं काय..."

"...'करता. तुमच्याशिवाय घास उतरन काय आमाले,'" शकुनबाईंनी वाक्य पुरं केलं, त्याच चालीत, तोच हेल काढून. "पाठ हाय मले. आमच्या गल्लीतल्या लेकराइले बी पाठ हाय."

पंगतीतली एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात घातला. सुभद्राबाई दुसरं वाक्य शोधत राहिल्या. साऱ्या कॉलनीला पुरून उरेल इतकं बोलणं त्यांच्यापाशी होतं, शिव्या होत्या, टोमणे होते, म्हणी होत्या. त्या वळणाचं मात्र दुसरं काही निघेना.

शकुनबाईंनी क्षणभर वाट पाहिली. खरोखर पाहिली. मग म्हणाल्या, आणि या वेळी आवाजात हेल नव्हता, "मी दार उघडं ठेवून बसली होती, सुभद्रे. मोबाईल आला." त्यांनी पिशवीतली बाटली काढली, विहिरीकडे पाठ करून दोन घोट पाणी प्याल्या, आणि जीपकडे निघाल्या. गोपाल मागून धावला, उत्तमरावांनी हाका मारल्या. जीप निघून गेली. धुरळा बराच वेळ रोडग्यांवर बसत राहिला.

सुभद्राबाई पत्रावळ हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. तेवढ्यात काठी टेकत अनुप आला. त्याचा चेहरा मोबाइलच्या उजेडात फुलला होता.

"आई, कंपनीला दाखवलं होतं मी ते. पास झालं! एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या अॅपमध्ये घालणार आहेत. गिऱ्हाईक 'नको' म्हणालं की आग्रह करणार. तुझाच आवाज ठेवा म्हणतात. इतका मनापासून आवाज विकत मिळत नाही म्हणे."

सुभद्राबाईंनी पत्रावळ विहिरीच्या काठावर ठेवली. मग त्या बोलल्या, आणि पंगतीत शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं.

"मोबाईल खिशात ठेव अन् मायाकडे पाह्य. मायाजोळ येकच आर्जव होतं, बापू. साऱ्या जल्मात मी ते सासूले देलं नाही, नवऱ्याले देलं नाही. तू ते गल्लीगल्लीत वाजवलं, आता कापडाच्या दुकानात वाजवशीन. वाजव. पन उद्या सकायच्या बसनं मी अमरावतीले जाऊन राहिली, अन् तिच्या दारात उभी राहून मले काईतरी म्हना लागन. ते काय म्हनू, तेवढं तुया कोन्या बटनात असन तं आता सांग. अन् नसन तं तू आजवर काईच बनवलं नाही."